अप्पांनी भरलेलं ग्रीस

"पोरीच्या जातीला शर्यत कशाला?" म्हणून गुरगुरणारे सिद्धाप्पा शेवटी विरघळलेच. लेक शिवांजली रोज गल्लीत सराव करायची आणि सायकल आपली मुंगीच्या पावलानं सरकायची, ते काय त्यांना बघवेना. शर्यतीच्या आदल्या दिवशी तिच्या नकळत त्यांनी दोन्ही चाकं खोलली, गंजलेले छर्रे बदलले, बोटानं ग्रीस भरलं. चाक भिंगरीगत फिरायला लागलं.

मंगळवार पेठेत शर्यत सुटली आणि शिवांजली सगळ्यांच्या आधी रेघेपार! अप्पा शिट्टी मारून ओरडले, "पयली आली की माझी लेक!"

 

शेजारी उभा असलेला पंच वैतागला, "गप बसा की अप्पा! स्लो सायकलची शर्यत हाय ही. शेवटाला पोचंल त्यो जिंकला."