चौथं शील

दिवेलागणीला महामायानं ताट वाढून नागसेनपुढं सरकवलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, बाजूला ठेचा. नागसेननं ताटाकडं बघितलं आणि ताट परत तिच्याकडं सरकवलं.

"तुह्यं ताट कुठं हाये?"

"मी नाही जेवत. माहं अष्टशील हाये."

"मंग माहंबी हाये."

आता काय म्हणावं या माणसाला. धाडच्या बाजारात शेतकऱ्यांच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देणारा हा गडी, रात्री पोटभर भाकरी हाणल्याशिवाय ज्याला झोप माहीत नव्हती, तो नऊ वर्षांचा पोरगा रुसावा तसा हाताची घडी घालून बसला होता.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, पुष्कळ बाया पौर्णिमेला अष्टशील घेतात. दुपारनंतर जेवायचं नाही, पांढरं पातळ नेसायचं, पलंग सोडून चटईवर झोपायचं, नवराबायकोनं त्या दिवशी जवळ यायचं नाही. महामायानं पौर्णिमेचं अष्टमीवर नेलं आणि अष्टमीचं रोजच्यावर. वर्षावास संपला, विहारात खीर वाटून झाली, बाकीच्या बाया आपापल्या रंगीत पातळात परत आल्या. ही मात्र पांढऱ्यातच. आणि बायको उपाशी झोपते म्हटल्यावर नागसेननंही रात्रीचं जेवण सोडलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पँट कमरेवर टिकेना, गालफडं बसली, तरी गडी ऐकायला तयार नाही.

इथंच महामायाचा जीव तुटत होता. कारण खरं दुखणं शीलाबिलाचं नव्हतंच. तिची पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून नवरा जवळ आला की आत सगळं कोरडंठाक, आणि मिरची लागल्यागत आग. दातावर दात दाबून किती सोसायचं? पुढं पुढं त्यानं नुसता खांद्यावर हात ठेवला तरी त्या आगीच्या धास्तीनं ती पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायची. मग तिला शील सापडलं. शीलाला कोण नाही म्हणणार?

"जेवा न," ती म्हणाली. "आरशात पाहा जरा, काय दशा करून घेतली."

"तू कुठं चालली ते सांग. मंग जेवतो."

"मी कुठं चालली?"

नागसेन खालच्या आवाजात म्हणाला, "म्या विहारातल्या भंतेजीले इचारलं. बाईनं चिवर घेतलं, भिक्खुणी झाली, त तिच्या नवऱ्याले तिले भेटाले जाता येते का म्हणून."

महामायाला आधी हसू आलं आणि मग रडू. बायको घर सोडून चालली असं धरून बसला होता बिचारा, आणि अडवायचं सोडून तिच्यासोबत उपाशी झोपत होता.

"मी कुठंच नाही चालली," ती म्हणाली. "मी खोटं बोलली तुमच्याशी. आठ शीलं घेतली, पण पाळली सातच. खोटं न बोलायचं चौथं, ते रोज मोडलं."

तिनं पिशवीतून मलमाची ट्यूब काढून त्याच्यापुढं ठेवली. आज अंगणवाडीसेविकांच्या मीटिंगला बुलढाण्याला गेली होती, तिथून दवाखान्यात जाऊन आली होती. सगळं सांगितलं, पण तोंड गॅसच्या शेगडीकडं करून. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, पाळी गेली की आतली कातडी पातळ पडते, कितीतरी बायांना होतं, लाजायचं काय त्यात. हे मलम काही आठवडे आतून लावायचं. नवरा जवळ यायच्या वेळेसाठी वेगळी जेल आहे. घाई करायची नाही. आणि नवऱ्याला सांगायचं.

हे शेवटचंच तिला जड गेलं होतं.

"लय दुखे?" नागसेननं विचारलं.

"हाव."

"अन मी तसाच..." त्यानं ट्यूब उचलून हातात फिरवली. मग म्हणाला, "मले सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं त तुम्ही हातच लावला नसता मले."

"नसताच लावला."

"तेच त नको होतं मले," ती म्हणाली, आणि आता मात्र तिचं तोंड त्याच्याकडं होतं.

नागसेननं भाकर मोडली. अर्धी तिच्या हातात दिली, अर्धी स्वतः खाऊ लागला. तिलाही किती भूक लागली होती, हे तिला पहिला घास खाल्ल्यावरच कळलं.

"मले एक सांग," हात धुऊन आल्यावर तो म्हणाला. "मलम लागू होयेपर्यंत नुसतं जवळ बसलं त चालते का? का तेबी डॉक्टरणीले इचारा लागते?"

महामाया सरकली आणि तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाहेरच्या गल्लीतून शेजारची सोजराबाई घागर घेऊन चालली होती. नागसेन अवघडला.

"दार उघडं हाये," तो हळूच म्हणाला.

"असू द्या," महामाया म्हणाली.