गोडीगुलाबीने

सरकारने गरिबांना मिळणाऱ्या भाडेभत्त्याला कात्री लावली, आणि मँचेस्टरजवळच्या आमच्या गल्लीत लॉरेनला घराचं भाडं झेपेना. घरमालक क्लिफर्ड सत्तरीचा, त्याच्याही डोक्यावर त्याच घराचं कर्ज. तरी तिला कोर्टाची नोटीस पाठवणं त्याच्या जिवावर आलं. नऊ वर्षं तिच्या हातचा चहा प्यायला होता तो.

"बेलिफ येऊन लेकींसमोर तुझं सामान रस्त्यावर काढणार, ते मला नाही गं बघवणार," तो म्हणाला. "कोर्टकचेरी नको. आपण गोडीगुलाबीने करू."

"एवढं तरी आजकाल कोण बघतं!" म्हणत लॉरेनने घर आवरलं, जाता जाता खिडक्यासुद्धा पुसल्या आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. दोघंही रडली.

सोमवारी ती दोन्ही लेकींना घेऊन नगरपालिकेत गेली. बेघरांच्या यादीत नाव घाला म्हणाली.

खिडकीतल्या बाईने विचारलं, "बेलिफ कधी आला होता?"

"आलाच नाही. आमचा मालक देवमाणूस आहे हो."

"अहो, मग घर तुम्ही आपणहून सोडलंत! आम्ही घर देतो ते हाकलून दिलेल्यांना."

बाहेर पायरीवर बसून लॉरेनने क्लिफर्डला फोन लावला.



"काका, आम्हाला परत घरात घ्या. आणि या वेळी नीट हाकला."