काही तक्रार?

मेसच्या दारात मुलीनं चौघांना पुन्हा एकदा बजावलं, "बोलायचं मी. मी उभी राहिले की तुम्ही फक्त माझ्या मागे उभं राहायचं. कळलं?"

चौघांनी माना डोलावल्या. एक तिचे बाबा, या लष्करी तळावरचे जुने आचारी. बाकीचे माळीकाका, शिंपीकाका आणि इस्त्रीवाले काका. फौज केव्हाच निघून गेली होती, पण हे चौघे आपापली बिऱ्हाडं घेऊन तळाच्या मागच्या ओळीतल्या खोल्यांत अजून राहत होते. खोल्या कुणाच्या, हे तेव्हा कुणी विचारलं नाही आणि तळावरच्या मेजरसाहेबांनी आपणहून सांगितलं नाही. आता सगळ्या तळावर घरं बांधायची ठरली होती. लोकांचं मत घेतल्याशिवाय बांधायचं नाही असा नियम, म्हणून आज मत घ्यायचं होतं. आज या खोलीत जो आक्षेप सांगेल त्याचा विचार होणार, गप्प बसेल त्याचा नाही.

मेस ओळखू येत नव्हती. लांबलचक टेबलं जाऊन गोल टेबलं आली होती, त्यांवर पाण्याच्या बाटल्या. कोपऱ्यात पूर्वी भांडी घासायचा हौद होता, तिथे आता नव्या वसाहतीचं मॉडेल मांडलेलं. काड्यापेटीएवढ्या इमारती, तळहाताएवढा तलाव, कुत्री फिरवणारी नखाएवढी माणसं. बाबांनी चष्मा पुसून मागची ओळ शोधली. तिथे स्पंजची झाडं होती.

"आपण कुठे आहोत गं यात?"

"बागेखाली," मुलगी म्हणाली.

सभा सुरू झाली. नगररचना खात्याच्या बाई फार गोड बोलत होत्या. बाकं तलावाच्या अलीकडे हवीत की पलीकडे? दिवे पिवळे हवेत की पांढरे? लोकही असे हमरीतुमरीवर आले की जणू घराच्या किल्ल्या खिशातच पडल्या आहेत. माणसं उठवून बाग करायची की नाही, हे मात्र कुणी कुणाला विचारत नव्हतं. मुलीनं दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, त्यासाठी मालकाची बोलणी खाल्ली होती. ती आपलं भाषण मनात घोळवत बसली.

मग बाईंनी बांधकाम कंपनीच्या सल्लागारांना पुढे बोलावलं. पांढरे केस, ताठ पाठ. मेजरसाहेब! याच तळावर त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आता ते कंपनीच्या पगारावर होते. चौघांचे चेहरे खुलले.

"आपला माणूस आहे," माळीकाका कुजबुजले.

माइक घेऊन साहेब टेबलांमधून फिरू लागले, एक हात पाठीमागे. प्रत्येक टेबलापाशी वाकून अदबीनं विचारत होते, "बोला, तुमचं काय म्हणणं आहे?" मुलीच्या टेबलापाशी आले आणि थांबले. चौघांना एकेक करून न्याहाळलं. इथे ते वाकले नाहीत. त्यांचा आवाजही बदलला. रोज जेवणाच्या वेळी फेरी मारताना, जवान असो की आचारी, सगळ्यांना ते ज्या आवाजात विचारत, तोच आवाज.

"काही तक्रार?"

चार खुर्च्या एकदम मागे सरकल्या. चौघेही ताठ उभे, हात मांड्यांना चिकटलेले.

"तक्रार नाही, साहेब!"

हशा पिकला. टाळ्याही पडल्या. "याला म्हणतात शिस्त!" नगररचनेच्या बाई कौतुकानं म्हणाल्या आणि शेजारच्या कारकुनाकडे वळल्या. "घ्या लिहून. मागची ओळ, आक्षेप निरंक."

हे साहेबांकडून नकळत झालं असं कुणाला मानायचं असेल, तर त्यानं खुशाल मानावं.

मुलगी ताडकन उठली. "थांबा! आमची तक्रार आहे. मी बोलणार होते..."

"ताई," नगररचनेच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या घरच्या मोठ्या माणसांनी सगळ्यांदेखत सांगितलंय. आता तुम्ही कशाला फाटे फोडता?"

माइक तोवर पुढच्या टेबलावर गेला होता. तिथे दिव्यांवरून पुन्हा जुंपली. मुलगी बोलत राहिली, पण तिचा आवाज दोन टेबलांपलीकडे पोचला नाही. चौघे खाली मान घालून बसले.

चहाच्या वेळी तिनं बाबांना गाठलं. "काय करून बसलात हे?"

बाबा आपल्याच पायांकडे बघत होते. "एकदा एका जवान पोरानं साहेबांना खरं सांगितलं होतं गं. भात करपलाय म्हणाला. करपलाच होता, मीच करपवला होता. महिनाभर पहाऱ्यावर उभं केलं त्याला. ते विचारतात ना, ते उत्तरासाठी नसतं. पाय आपोआप उठतात."

"मग आज तरी त्यांनी कशासाठी विचारलं?"

तेवढ्यात साहेबच समोर आले. त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. "अजून तस्सा आहेस! पण तुझ्या हातच्या चहाची सर नाही बुवा याला." आणि आपला कप बाबांच्या हातात देऊन ते चालते झाले.

बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. सवयीनं हौदाकडे निघाले. हौद नव्हता. मॉडेलपुढे ते कप धरून थांबले. मग त्यांनी तो खाली ठेवला, बरोबर मागच्या ओळीवर. स्पंजची झाडं चेपली. उरलेला चहा हिंदकळून हिरवळीवर सांडला.

कंपनीची एक बाई धावत आली. तिनं कप उचलला, रुमालानं हिरवळ टिपली आणि एकेक झाड चिमटीत धरून पुन्हा नीट उभं केलं.

"काका," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "इथे काही ठेवायचं नाही."