ओळखीची खूण

हरवलेल्या मुलीची तक्रार लिहून घेताना हवालदारबाईंनी विचारलं, "ओळखीची काही खूण?"

मुलीचा बाप, एक वेल्डर, चाचरला. तिला जाऊन नऊ दिवस झाले होते. उंची, रंग, अंगावरचा पिवळा शर्ट, सगळं सांगून झालं होतं. "नाचताना डावा पाय ओढते," तो म्हणाला. "तिच्या पायात दोष नाही हो. माझा पाय अधू आहे ना, त्याची नक्कल. ते आफ्रिकेतलं अमापियानो नावाचं नाचाचं संगीत लावायची, माझ्यासारखी लंगडत नाचायची आणि वर त्याचा व्हिडिओ जगाला दाखवायची. माझं डोकं फिरलं. तिचा फोन भिंतीवर आपटला. त्याच संध्याकाळी घरातून गेली."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी आपला मोबाइल त्याच्यापुढे धरला. कुठल्याशा परदेशी चौकात त्याच ठेक्यावर शंभरेक माणसं नाचत होती, आणि सगळ्यांचा डावा पाय एकदमच मागे ओढला जात होता. मग विमानतळावरच्या पोरी. मग एक नवरा-नवरी.

"आठवडाभर जगात हेच चाललंय. माझी मुलगीसुद्धा असंच नाचते."

"म्हणजे सगळे मला हसतायत," वेल्डर पुटपुटला.

"हसत नाहीत हो, शिकतायत. पहिला व्हिडिओ टाकणाऱ्या मुलीनं नाचाला नाव दिलंय. वाचा."

त्याने वाचलं. 'माझ्या बाबांची स्टेप.' खाली हजारो लोकांनी लिहिलं होतं, बाबांनाही नाचताना दाखव.

"मॅडम, तिला कळवा ना, मी वाचलं म्हणून." मग त्याने मोबाइल बाईंकडे सरकवला. "पण कळवणार कसं? फोन तर मीच फोडला."