परमनंट

काशीने सुनेच्या पुढ्यातली परात ओढून घेतली.

"ऊठ. भाकऱ्या मी भाजतंय. तुझी गाडी चुकंल."

"दोनच राहिल्यात, आई."

"कंपनीने तुला भाकऱ्या भाजायला घेतलंय का?"

हेमालीने हसून हात धुतले. डबा आधीच भरून ठेवलेला होता. पिशवी खांद्याला लावून ती नाक्यावरच्या रिक्षाकडे धावली.

अशी सासू अख्ख्या खारबावमध्ये दुसरी नाही, असं शेजारणी म्हणत. हेमाली लग्न होऊन आली तेव्हा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होती. पुढे शिकू देतील असं तिच्या आईला, रूपालाही वाटलं नव्हतं. रूपाने पोरीची पुस्तकं माहेरीच माळ्यावर टाकली होती. काशी स्वतः जाऊन ती घेऊन आली.

या डिग्रीचं तिसरं वर्ष वर्गात नव्हतं. वर्षभर कंपनीत काम करायचं आणि त्या कामाचेच मार्क. हेमालीला पूर्णा गावातल्या एका मोठ्या गोदामात घेतलं. कोणत्या मालाची मागणी कधी वाढते, कोणता माल दाराजवळ ठेवला की ट्रक कमी खोळंबतात, हे तिने बघायचं होतं. गोदामात सगळे पुरुष, म्हणून गावात कुजबुज झाली. तिचा नवरा मनोज हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. तो कंटेनर चालवायचा. बरेच दिवस बाहेरच असायचा, आणि घरी आला की जेवून झोपायचा. बायकांची तोंडं काशीनेच बंद केली.

"माझी सून कमवायला चाललीय," ती ओट्यावर बसून म्हणाली. "त्यात लाजायचं काय हाय?"

पहिला पगार हेमालीने तिच्यापुढे ठेवला. काशीने त्याला हातही लावला नाही.

"तुझ्या खात्यात टाक. तुझ्या एकटीच्या नावावर. मला त्यातलं काय नको."

त्या दिवशी हेमालीने न्हाणीत जाऊन डोळे पुसले.

होळीला रूपा लेकीकडे आली. जेवताना तिने चाचरत विषय काढला. लग्नाला तीन वर्षं होत आली, आता पाळणा हलायला हवा.

"आधी डिग्री, मंग नोकरी," काशी म्हणाली. "पोराची घाई कोणाला हाय?"

निघताना रूपाने लेकीला अंगणात थांबवलं.

"मी तुझी आई. पण मला एवढं जमलं नसतं गो."

कधी कधी संध्याकाळी काशी तांदूळ निवडता निवडता विचारायची, "आज काय शिकलीस?" एकदा हेमालीने तिला संधी खर्च समजावून सांगितला. एक गोष्ट घ्यायची तर दुसरी सोडावी लागते, आणि त्या सोडलेल्या गोष्टीची किंमतही हिशेबात धरायची असते.

"म्हंजे सोडलेल्याचीबी किंमत मोजायला लागतं?"

"हो, आई. तीच तर लोक विसरतात."

"शहाणी लोकं न्हाय विसरत," काशी म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

पावसाळ्यात हेमाली तापाने फणफणली. काशी रात्रभर तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. सकाळी ताप उतरला, पण अंगात उभं राहण्याचं त्राण नव्हतं. तरी काशीने तिची वेणी घातली.

"खाडा करू नको, बाय. त्यांना निमित्तच पायजे असतं."

तिचं बरोबर होतं. त्याच महिन्यात गोदामाने तीन शिकाऊ मुलांना घरी पाठवलं. हेमालीची झोप उडाली. तिलाही काढलं असतं तर मार्कही गेले असते आणि वर्षानंतर तिथेच कायम होण्याची संधीही. दोनच दिवसांनी तिने बघितलं तर काशी नवं लुगडं नेसून गोदामाच्या गेटवर उभी होती, आणि समोर हेमालीच्या मॅनेजर चंद्रा मॅडम.

"माझ्या सुनेला ठेवा," काशी त्यांना सांगत होती. "पडंल ते काम करंल. घरचं मी बघतंय. तिला कायमची करा, एवढंच मागतंय."

चंद्रा मॅडमनी नंतर हेमालीला बोलावून घेतलं. "माझी सासू मी ऑफिसला निघाले की दार आपटायची," त्या म्हणाल्या. "तू मात्र जपून ठेव हिला."

हेमालीने जिवाचं रान केलं. तिने सुचवल्याप्रमाणे माल हलवला आणि दारातली ट्रकची रांग निम्म्यावर आली. वर्ष संपायच्या आठवड्यात चंद्रा मॅडमनी तिला केबिनमध्ये बसवून सांगितलं, पहिल्या तारखेपासून तू परमनंट. डिग्रीला पहिला वर्गही पक्का.

ही बातमी फोनवर सांगायची नाही, असं तिने ठरवलं. आधी आईंचं तोंड गोड करायचं. मग मनोजला म्हणायचं, चार दिवस सुट्टी काढा, आपण कुठेतरी जाऊन येऊ. रिक्षात पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून ती तेच शब्द मनात जुळवत होती.

घरी पोचली तर मनोज दुपारचाच आलेला होता.

"आई, मी परमनंट झाले."

काशीने तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. लेखी दिलंय का, विचारलं. हेमाली हो म्हणाली तेव्हा काशीचे डोळे भरून आले. तिने सुनेच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, देवापुढे दिवा लावला आणि हात जोडून बराच वेळ उभी राहिली.

मग ती मनोजकडे वळली.

"झाली रे परमनंट. कमावत्या बाईला कोर्ट पोटगी देत न्हाय, वकील बोललाच हाय. जा, कामतघरला जा. सुकन्याला न् तुझ्या पोराला घरी घेऊन ये."