पाचवी चटई

मानेआबा म्हणजे बेटावरचं सभाघर. त्याच्या छपराखाली, दर घराण्याची एक अशा, तेवीस बैठका होत्या. बावीस बैठकांवर माणसं दाटीनं बसली होती. तेविसाव्या बैठकीवर चटया चार होत्या आणि माणूस एक, नेई रकेरा. बाकीच्या तीन चटया तिच्या दोन मुलांच्या आणि एका नातवाच्या. मुलं परदेशी मालवाहू बोटींवर होती. नातू मोठ्या देशाच्या मैत्री शिष्यवृत्तीवर शिकायला गेला आणि तिकडेच राहिला. तरी प्रत्येक सभेला रकेरा चारही चटया अंथरायची. प्रत्येक घराणं आपल्याच जागी बसतं, आणि जागा रिकामी दिसली की शेजारच्या चटया हळूहळू सरकायला लागतात.

समुद्राच्या बाजूला, पाहुण्यांच्या कडेला, मोठ्या देशाचा राजदूत बसला होता. खाडीच्या तोंडाशी रकेराची जमीन होती. तिथे त्याच्या देशाला धक्का बांधायचा होता. याआधी तो तीनदा आला होता. एकदा तांदळाची पोती घेऊन, एकदा सौरदिवे घेऊन, आणि एकदा चक्क आपल्याकडचे गाणारे-नाचणारे घेऊन. गाणं सगळ्यांना आवडलं. रकेरालाही. पण जमिनीला ती नाहीच म्हणाली. मुलं परत आली तर राहतील कुठे, एवढंच तिचं म्हणणं.

आज राजदूताच्या हातात फाइल नव्हती. पायांत बूट नव्हते. त्यानं मांडी घातली आणि चार वर्षांत शिकलेल्या बेटावरच्या भाषेत, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाला,

"नेई रकेरा, मी बुबुती करतो. ती जमीन मला दे."

बुबुती म्हणजे आपल्या माणसानं आपल्या माणसाकडे मागणं. त्याला नाही म्हणता येत नाही. होडी मागितली तर होडी द्यावी लागते. मूल मागितलं तर मूल.

"शिकला गं बाई!" शेजारच्या बैठकीवरून बिरिता म्हणाली. "उद्या माझा नवरा मागेल."

"मग देऊन टाक. सुटेल तरी बिचारा," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

सभेतला सर्वांत म्हातारा कौरे खाकरला. "रकेरा, घाबरू नकोस. परक्याची बुबुती लागत नाही. हा परका आहे, एवढं म्हण. विषय संपला."

राजदूताचे कान लाल झाले.

रकेरा मांडीवरची नवी चटई विणत होती. तिचे हात थांबले.

"तुझ्या आईचं नाव काय रे?"

धक्क्याची लांबी, पाण्याची खोली, वर्षाचं भाडं, सगळं तो पाठ करून आला होता. हा प्रश्न त्यात नव्हता.

"मार्गारेट."

"आहे?"

"नाही. मागच्या वर्षी गेली. मी इथे होतो."

"मग रडलास कुणाजवळ?"

त्यानं नुसती मान हलवली, कुणाजवळच नाही.

"बरं. हे मागतंय कोण? तुझा देश, की तू?"

बुबुती माणूसच करू शकतो, हे त्यानं नीट विचारून घेतलं होतं.

"मी," तो म्हणाला.

"मग दिली."

छपराखाली एकच गलका झाला. रकेरानं तिकडे लक्ष दिलं नाही. मांडीवरची चटई तिनं झटकली आणि नातवाच्या चटईशेजारी पसरली. तिची एक कड अजून विणायची राहिली होती.

"आता माझी बुबुती. इथे येऊन बस. घरच्या माणसानं पाहुण्यांत बसू नये."

तो उठला, सगळ्यांसमोरून वाकत वाकत गेला आणि तिथे बसला.

त्याच्या राजधानीत आनंद झाला. अभिनंदनाचा संदेश आला. पाठोपाठ दुसरा आला: जमीन देशाच्या नावावर करून घ्या. पुढच्या सभेत त्यानं आपल्या चटईवरूनच विचारलं, हे कसं करतात.

"सोपं आहे," कौरे म्हणाला. "देशानं इथे यावं, मांडी घालावी, तुझ्याकडे बुबुती करावी. फक्त देशाच्या आईचं नाव आधी कळव."

सगळ्यांत आधी बिरिता हसली. मग राजदूतही हसला. त्याला हसताना गावानं पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवशी तो जेवायलाही थांबला. रकेरानं त्याच्या माशातले काटे काढून दिले आणि चटईची राहिलेली कड विणून पूर्ण केली.

राजधानीला हे सगळं हसण्यासारखं वाटलं नाही. त्याची बदली मुदतीआधीच आली, जगाच्या दुसऱ्या टोकाला. बोटीत चढताना तो रकेराला म्हणाला, "येतो." तिची मुलंही असंच म्हणून गेली होती.

नवा राजदूत आला. त्यानं जुन्याची टिपणं वाचली असावीत. त्यानं बूट काढले, पाहुण्यांच्या कडेला मांडी घातली आणि तेच वाक्य म्हटलं.

"ती जमीन माझी नाही, बाबा," नातवाच्या शेजारच्या चटईवरून हात फिरवत रकेरा म्हणाली. "माझ्या धाकट्याची आहे. तो परदेशी नोकरीला असतो. आला की त्याला विचारा."

या वेळी बिरितासुद्धा हसली नाही. शेजारची चटई कुणी सरकवली नाही.

छपराखाली बैठका तेवीस होत्या. तेविसाव्या बैठकीवर चटया पाच, माणूस एक.