सवतीचा टाक

संतोषची पहिली बायको वारली होती, म्हणून लग्नात रीतीप्रमाणे तिच्या नावाचा, बाईची आकृती उमटवलेला चांदीचा टाक रूपालीच्या गळ्यात आला. दोरा संतोषने स्वतः बांधला.

"ती कुणाकडेही बघून हसायची," पहिलीच्या फोटोला शेवंतीचा हार घालताना तो म्हणाला. "दूधवाला असो, मळ्यातला गडी असो. मी एकदाच बोललो. मग हसणं बंद झालं."

दुसऱ्याच दिवशी मळ्यात फुलं तोडताना रूपाली कुणाच्या तरी बोलण्यावर खळखळून हसली, आणि टाक जड झाला. पुढे ती हसली की तो आणखी जड व्हायचा. दोरा मानेत रुतायला लागला.

शेवटी एका सकाळी संतोष फूलबाजारात पाट्या उतरवत असताना ती हळूच शेजारच्या सराफाच्या दुकानात शिरली.

"एवढा काढून द्या हो काका. गाठच सुटत नाही."

म्हाताऱ्या सराफाने भिंग लावलं. टाकाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"ताई, टाकावर बाई एकच असते. इथे शेजारी दुसरी उमटलीय. डोळे, नाक, कुंकू, सगळं तुमचंच. फक्त ओठ राहिलेत."

 घाबरून रूपाली कसंनुसं हसली.

"झालं का हसून?" मागून संतोष अगदी मायेने म्हणाला.